'नाशीक'चं 'नाशिक' करताना

वर्डमध्ये लिहिलेल्या सोसायटीच्या नोटिशीत 'नाशीक' असं दीर्घ पडलं की बहुतेक जण अख्खा शब्द पुसून पुन्हा टाइप करतात. गरज नाही. कर्सर 'शी' आणि 'क'च्या मध्ये न्या, बॅकस्पेस एकदाच दाबा. दीर्घ वेलांटी जाते, 'श' शाबूत राहतो. त्याला ऱ्हस्व वेलांटी द्या. हे इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, म्हणजे जिथे वेलांटीला स्वतंत्र कळ असते. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करत असाल तर सुट्या वेलांटीऐवजी 'इ' उमटते, तेव्हा शब्द पुन्हा लिहिलेलाच बरा.

डिलीटचं वागणं वेगळं. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण आत स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी असे ६ तुकडे असतात. बॅकस्पेस एकेक तुकडा काढते, डिलीट सगळं जोडाक्षर एका फटक्यात उडवते.

शोधून बदलण्यातही (कंट्रोल-एच) मराठीची खोड आहे. 'चेअरमन'च्या जागी 'अध्यक्ष' घालायचा म्हणून 'रिप्लेस ऑल' दाबलंत, तर 'चेअरमनच्या सहीने'चं 'अध्यक्षच्या सहीने' होतं. सामान्यरूप वर्डला कळत नाही. म्हणून आधी 'चेअरमनच्या'चं 'अध्यक्षांच्या', 'चेअरमनने'चं 'अध्यक्षांनी' करून घ्या आणि सुटा 'चेअरमन' शेवटी बदला. 'फाइंड नेक्स्ट' दाबत एकेक पाहणं वेळखाऊ वाटतं, पण छापून लावलेली नोटीस उतरवण्यापेक्षा सोपं. 'रिप्लेस ऑल' चुकलंच तर लगेच कंट्रोल-झेड. सगळे बदल एकदम मागे येतात.

आणि शब्द डोळ्यांसमोर असून सापडत नसेल तर? पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदारांच्या यादीत 'शेतकऱ्यांना' दहा ठिकाणी असावा आणि वर्डने सहाच दाखवावेत, असं होतं. तो अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब (नुक्ता) असलेला 'ऱ' वापरून, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला सारखंच. मजकुरातला न सापडलेला शब्द कॉपी करून शोधचौकटीत चिकटवा आणि दुसरी फेरी मारा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आणलेल्या मजकुरात रिकाम्या ओळी फार. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की प्रत्येक एंटर, स्पेस, टॅब खुणांनी दिसतो. शोधचौकटीत शिफ्ट-६ ची टोपी आणि इंग्रजी छोटा पी, ही जोडी दोनदा लिहा, बदलचौकटीत एकदा, आणि बदलांचा आकडा शून्यावर येईपर्यंत (किंवा १ वर अडकेपर्यंत) 'रिप्लेस ऑल' दाबा.

त्याच खुणांत दुसरी गोष्ट उघडी पडते: डावीकडे 'ठिकाण : नाशिक' आणि त्याच ओळीत उजवीकडे 'सचिव' आणण्यासाठी मारलेल्या पंचवीस स्पेस. फॉन्ट मंगलचा निर्मला केला की 'सचिव' सरकतो, कधी खालच्या ओळीत जातो. त्याऐवजी वरच्या मोजपट्टीच्या (रूलर) डाव्या टोकाचं चिन्ह क्लिक करत उजव्या टॅबवर आणा, पट्टीवर सहा इंचांवर क्लिक करा, मधल्या स्पेस पुसून एकच टॅब मारा.

फॉन्टचा आकार बदलूनही मराठी तेवढंच राहिलं, इंग्रजी आकडे मात्र मोठे झाले, तर कंट्रोल-डी उघडा. तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' नावाचा वेगळा रकाना आहे; देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथून ठरतो.