मुरमातली बाग: सासवडजवळच्या दोन गुंठ्यांचा हिशेब, एप्रिल ते ऑगस्ट

एप्रिलमध्ये पहिली पहार मारली आणि ठण्ण! हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या. वर जेमतेम वीतभर माती, खाली पिवळट मुरूम, मध्येच नारळाएवढे काळे धोंडे. दिवसभरात एक खड्डा झाला, तोही गुडघ्यापर्यंत. शेजारच्या शेतातले आबा बांधावर बसून बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "कोरड्या मुरमाशी कशापायी भांडताय? आदल्या सांजंला दोन बादल्या पाणी वता, भाकरीवानी तुटंल." ओतलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी दोन खड्डे तयार! सहा खड्डे, प्रत्येकी दोन बाय दोन बाय दोन फूट, आठवड्यात उरकले आणि मेभर उन्हात तापू दिले. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. हे दोन ढीग एकदा मिसळले की निस्तरत बसावं लागतं.

खोदताना पांढरे खडे खूप निघाले. स्वयंपाकघरातून अर्धं लिंबू आणून एका खड्यावर पिळलं तर फसफसून फेस आला. म्हणजे चुनखडी. घरच्यांना दारात लिंबाचं झाड हवं होतं, ते तिथेच बारगळलं. चुनखडीत लिंबाला लोह मिळत नाही, नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. मग चार सीताफळं आणि दोन अंजीर ठरवले. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते याच भागातल्या हलक्या जमिनीवर. आपण उगाच वेगळा शहाणपणा कशाला करा?

शहाणपणा केला तो भाजीच्या वाफ्यात. जुन्या खाटेच्या चौकटीला अर्ध्या इंचाची जाळी ठोकली आणि चार बाय आठ फुटांच्या वाफ्यातली सगळी माती चाळून काढली. तीन रविवार, कंबरेचे हाल. वाफा दिसायला रव्यासारखा. मेअखेरीस वळवाचा पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी वर पापडी धरली, नखाने उचलावी लागेल इतकी कडक. पाणी वरूनच वाहून गेलेलं. शेजारचा अर्धवट राहिलेला वाफा, खडेगोटे तसेच असलेला, आत बोटभर ओला होता. तेव्हापासून मुठीपेक्षा मोठा दगड बाहेर, बाकीचे राहू देत. चाळलेल्या वाफ्यात शेणखत मिसळून वर पाचट अंथरलंय. तो फक्त गाजर-मुळ्याला, कारण खडा लागला की गाजराला दोन पाय फुटतात.

निघालेले मोठे धोंडे उताराला आडवे रचून गुडघाभर ताल, म्हणजे दगडी बांध, घातली. मोठे तळाला, तोंड किंचित चढाकडे झुकलेलं, फटीत चिपा. सिमेंट नाही, पाणी झिरपायला हवं. जूनच्या पावसात तालीच्या वरच्या अंगाला चांगली चार बोटं गाळ साठला. हीच फुकटची माती!

लावणीआधी सगळे खड्डे पाण्याने भरून पाहिले. त्यातले पाच रातोरात रिकामे झाले. सहावा सकाळी तसाच काठोकाठ, खाली सलग कातळ. त्यात झाड लावलं असतं तर मुळं कुजली असती. तो बुजवून चार फूट चढाकडे नवा खणला. भरताना वरची माती, दोन घमेली शेणखत आणि पालापाचोळा. जमिनीपेक्षा सहा इंच उंच, कारण ते दबतंच. माझं पहिलं सीताफळ खड्ड्यात बसल्यासारखं दिसतंय, कारण तिथे मी उंची ठेवली नव्हती. भोवती पाणी साचू नये म्हणून एक चर काढलाय.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात उरलेल्या जागेत हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला. खांद्याला लागला तेव्हा, कळ्या दिसायला लागल्यावर, गेल्या रविवारी कापून गाडला. दोन रोपं उपटून पाहिली, मुळं मुरमात वीतभर घुसली होती, जिथे माझा टिकाव उसळून परत येत होता. आता तीन आठवडे हात लावायचा नाही, मग तिथे मेथी.