साठ आणि आठ

सकाळी दहाच्या सुमाराला गोदामातून फोन आला. आदल्या दिवशीच्या ऑर्डरचे आठ खोके गाडीतून गेले होते आणि गिऱ्हाईक म्हणत होतं, आम्ही साठ सांगितले होते. ऑर्डर मी घेतली होती. वहीत माझ्या अक्षरात ८ हा आकडा होता आणि शेजारी बरोबरची खूण, म्हणजे मी पुन्हा विचारून खात्री केल्याची.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्याकडे ऑर्डरचे फोन रेकॉर्ड होतात. त्यांनी ते रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. माझा आवाज आला, “आठ ना?” समोरून उत्तर आलं, “हो, आठ.” मी म्हटलं, “मॅडम, आठच म्हणतायत ते.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावलं. आठ. तिसऱ्यांदा लावलं. आठ. मग त्या सावकाश म्हणाल्या, “अहो, साठ म्हणतोय तो. स्पष्ट साठ.”

त्या बोलताना मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. दात जवळ आले, ओठ किंचित ताणले गेले. तो ‘स’ मला दिसला. कानाला मात्र आला नाही.

मला तीन वर्षांपासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. खरं तर त्याआधीपासूनच येत असणार. तीन वर्षांपूर्वी तपासणी झाली एवढंच. माझ्या ऑडिओग्रामवरची, म्हणजे त्या तपासणीच्या आलेखावरची, रेघ डावीकडे, म्हणजे खर्जाच्या बाजूला, जवळजवळ सरळ जाते आणि २००० हर्ट्झच्या पुढे उतार लागल्यासारखी खाली घसरते. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते मला येतात. स, श यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, ती गळतात. त्यात जुन्या पद्धतीची टेलिफोन लाइन आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे नेते. म्हणजे ‘स’चा मोठा भाग तारेवरच कापला जातो. चांगल्या कानाचा माणूस उरलेल्या भागावर आणि अंदाजावर भागवतो. माझ्याकडे उरतच काही नाही. साठमधला स गेला की आठ उरतात.

हे सगळं मला ठाऊक होतं. ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. कानाचं मशीन केसांखाली झाकलेलं असायचं. मीटिंगला मी सगळ्यांच्या आधी जाऊन खिडकीकडे पाठ येईल अशी खुर्ची धरायची, म्हणजे उजेड समोरच्यांच्या चेहऱ्यावर पडतो. ओठ वाचायची, पण ओठ सगळं सांगत नाहीत. आरशासमोर पाय, बाय, माय म्हणून बघा, तिन्हींना ओठ एकसारखेच मिटतात. क, ग तर घशाजवळ होतात, ते दिसणार कुठून? अर्धं ऐकायचं, अर्धं जुळवायचं आणि तोवर बोलणं पुढे गेलेलं असायचं. संध्याकाळी डोकं इतकं शिणलेलं असायचं की घरच्यांशीही बोलवत नसे. मागून हाक मारली आणि मी वळले नाही, की लोक म्हणत, ऐकून न ऐकल्यासारखं करते. शिष्ट आहे, हेही माझ्या कानावर आलं होतं. ते मी सहन केलं, कारण दुसरी भीती मोठी होती: सांगितलं तर फोनचं काम जाईल. आणि ते काम मला मनापासून आवडतं.

त्या दिवशी मी सांगितलं. “मॅडम, मला कमी ऐकू येतं. मला तो स आत्ताही ऐकू आला नाही.” केस मागे घेऊन मशीन दाखवलं. त्या म्हणाल्या, “मग मशीन आहे ना?” हे सगळेच म्हणतात, चष्मा लावला की दिसतं, तसं वाटतं लोकांना. कानाच्या आतल्या ज्या बारीक पेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मशीन आवाज वाढवतं, पण बोलण्याबरोबर पंख्याचा आणि सरकणाऱ्या खुर्चीचाही वाढवतं. एवढं मी एका दमात बोलले.

मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, “बरं, मग आपण काय बदलायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन वर्षं मी सांगायचं कसं याचीच उजळणी मनात करत होते. मागायचं काय, हा विचार एकदाही केला नव्हता. “उद्या सकाळपर्यंत लिहून देते,” म्हटलं.

त्या रात्री ऑडिओग्राम बाजूला ठेवला आणि दिवसभराच्या कामातून एकेक फोन, एकेक मीटिंग आठवत गेले. कुठे अडतं आणि तिथे काय हवं, एवढंच लिहिलं. दोन्ही मशीनमध्ये थेट आवाज सोडणारं जोडयंत्र. आकडे सुटे उच्चारायचे: “सहा, शून्य”. यातले स आणि श गळाले तरी दोन शब्द राहतात, आठशी गल्लत होत नाही. फोन संपला की लगेच गिऱ्हाइकाला लेखी आकडा. मीटिंगमध्ये एका वेळी एकानेच बोलायचं, आणि ऑनलाइन असेल तर लाइव्ह कॅप्शन, म्हणजे बोललेलं लगेच पडद्यावर अक्षरांत.

एचआरमधल्या बाईंनी तपासणीचा कागद मागितला, ते योग्यच होतं. पण त्या फार मायेने म्हणाल्या, “तुम्हाला नोंदींच्या कामावर घेऊ, तिथे आराम पडेल. आणि या बाकीच्या सवलतींचं बघू.” मला ते लागलं. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, कामाच्या जागी असे रास्त बदल करून देणं हा हक्काचा भाग धरला आहे. संस्थेवर अवाजवी बोजा पडत नसताना ते नाकारणं हा भेदभाव ठरतो. मी त्यांना एवढंच म्हटलं, “मला आराम नकोय, मला साठ ऐकू यायला हवेत.” मॅडम शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, “काम त्यांचंच राहील. यादी मंजूर करायची आहे.”

कुणाला सांगायचं, हे मी ठरवणार, असंही मी लिहून घेतलं. टीमला मी स्वतःच सांगितलं. गोदामातला सहकारी आता मागून हाक मारत नाही. समोर येतो, टेबलावर दोन बोटं टेकवतो, मी वर बघितलं की बोलतो. जोडयंत्र नवव्या दिवशी आलं. कॅप्शन नावांमध्ये चुकतात, कधी आकड्यांतही, म्हणून मी वही सोडलेली नाही.

यादीतली शेवटची ओळ माझी नाही, मॅडमनी स्वतःच्या हाताने घातलेली आहे. मशीन काढून ठेवलेलं असताना आगीचा भोंगा वाजला तर काय, हे मला सुचलंच नव्हतं. त्यांनी लिहिलं: स्वच्छतागृहात आणि मागच्या खोलीत भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा. तो अजून बसलेला नाही. दर सोमवारी मी विचारायला जाते.