वरच्या घराशी गळतीबद्दल बोलताना: माझा अनुभव

सोसायटीच्या ऑफिसात गळतीचा अर्ज दिला की ठरलेली उत्तरं मिळतात. "नोंद करून घेतलीय." "पुढच्या मीटिंगमध्ये ठेवू." आणि शेवटी, "अहो, हे तुमचं आपसातलं आहे, तुम्हीच बघा." या शेवटच्या उत्तराने डोकं फिरतं, पण ते बरंचसं नियमाला धरून असतं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामायिक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. संडास, बाथरूम, सिंक यांतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च मात्र संबंधित सदनिकाधारकांनी परस्पर सामंजस्याने करायचा. हे सामंजस्य आणायचं कुठून, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. ते बोलूनच आणावं लागतं.

प्लंबर मिळतो, सामान मिळतं, खर्चाचाही तोडगा निघतो. सगळं अडतं ते वरच्या घराच्या दारात, पहिल्या दोन मिनिटांत.

"तुमच्या बाथरूममुळे आमचं छत गेलं" असं म्हटलं की संपलं. वाक्य खरं असलं तरी ऐकणाऱ्याला त्यात आरोप ऐकू येतो आणि मागून येणारं बिलही दिसतं. "हो" म्हटलं तर तोडफोड आणि हजारोंचा खर्च गळ्यात पडणार, मग तो "आमच्याकडे काही नाही" असंच म्हणणार. म्हणून दुरुस्तीचा विषय पहिल्या भेटीत काढायचाच नाही. फक्त तपासणी मागायची, तीही सगळ्यात हलकी, जिला होकार दिल्याने कसलीच कबुली होत नाही. मी हे असं बोलतो:

"काका, आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय. पाणी कुठून येतंय ते अजून कळत नाहीये. आज रात्री झोपताना तुमच्या बाथरूमचा कॉक बंद ठेवाल का? सकाळी खाली काय दिसतंय ते मी येऊन सांगतो."

रात्रभर कॉक बंद ठेवल्यावर ठिबकणं थांबलं, तर नळाकडे जाणाऱ्या, सतत दाब असलेल्या पाइपावर संशय घ्यायचा. चालूच राहिलं, तर लगेच निष्कर्ष काढू नये, कारण कोब्यात, म्हणजे टाइल्सखालच्या भरावाच्या थरात, साठलेलं पाणी बराच वेळ उतरत राहतं. वापर झाला की थोड्याच वेळात ठिबकत असेल, तर सांडपाण्याचा पाइप किंवा नहाणी ट्रॅपभोवतीचा (जमिनीवरच्या जाळीखाली पाणी जिथून जातं त्या भागाभोवतीचा) सांधा बघायचा. वापरानंतर काही तासांनी ओल वाढत असेल, तर टाइल्सच्या फटींतून पाणी मुरत असण्याची शक्यता जास्त. मात्र सकाळी वर जाऊन निकाल सांगायचाच, आपल्या विरोधात गेला तरी. तिथे विश्वास बसला की पुढची मागणी सोपी जाते.

वरून ठरावीक उत्तरं येतात. "आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे" हे बहुधा खरंच असतं, त्यावर वाद घालू नये. "हो, वर कोरडंच दिसतं, पाणी टाइलखालच्या कोब्यात मुरून खाली उतरतं" एवढंच म्हणावं. "आम्ही मागेच सगळं काम करून घेतलंय" यावर "मग गळतंय कसं?" असं तोंडावर येतं, ते गिळावं. त्याऐवजी "तेव्हा नहाणी ट्रॅप बदलला होता का, की फक्त टाइल्स?" असं विचारावं. या प्रश्नाचं उत्तर प्लंबरच्या कामाचं असतं आणि समोरचा माणूस बचाव सोडून आठवायला लागतो. "तुमच्याच पाइपचं असेल" हेही दर वेळी खोटं नसतं. जुन्या इमारतींत वरच्या घराचा सांडपाण्याचा पाइप खालच्या घराच्या छताखालून जातो आणि फॉल्स सीलिंगने तो झाकलेला असतो. वर जाण्याआधी ते सीलिंग उघडून बघितलेलं बरं.

मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने संवादाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: निरीक्षण, भावना, गरज, विनंती. माझं मत असं की जिन्यात उभं राहून शेजाऱ्याशी बोलताना पहिली आणि चौथी पुरते. "मला फार त्रास होतो" हे सुरुवातीलाच आलं की समोरचा स्वतःचे त्रास मोजायला लागतो.

खरी कसोटी पाणी भरून ठेवण्याच्या चाचणीला लागते. ट्रॅपचं तोंड कापड आणि प्लॅस्टिकने घट्ट बंद करून बाथरूममध्ये २ ते ३ सेंटिमीटर पाणी साठवायचं, उंबरठ्याच्या खालीच, आणि किमान २४ तास तसंच ठेवायचं. म्हणजे तेवढा वेळ बाथरूम बंद. हे आधी कोणी सांगत नाही. प्लंबर दारात आल्यावर घरच्यांना कळतं आणि होकार मागे जातो. एकच बाथरूम असेल तर ते गावाला जातील तो दिवस विचारा, किंवा आंघोळीला आपल्याकडे बोलवा. दुसरं सुचवलं की निम्मा विरोध मावळतो. पाण्यात खाण्याचा रंग मिसळला तर पाणी खाली आलं की पटवावं लागत नाही, पण टाइल्सना डाग पडेल का, हे आधी त्यांना विचारा.

विसरण्याआधी: वर जाण्यापूर्वी ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून तारीख लिहा आणि फोटो काढा. "वाढतंय" या शब्दापेक्षा रेघेबाहेर गेलेली ओल बोलकी असते. तो फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. चाळीस घरांसमोर अपमान झालेला माणूस तुमच्या तोंडावर दार लावतो, आणि तो चुकतो असं मी म्हणणार नाही.

घर भाड्याने दिलेलं असेल, तर भाडेकरू कॉक बंद करू शकतो, फरशी फोडायची परवानगी देऊ शकत नाही. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. मालक परगावी असेल तर छोटा व्हिडिओ आणि एका निरोपात एकच मागणी. शेअर सर्टिफिकेट एकाच्या नावावर आणि निर्णय दुसऱ्याचा, असं पुष्कळ घरांत असतं. निर्णय कोणाचा ते आधी माहीत करून घ्या.

आणि कमिटी. कमिटीला लिहायला सांगितलं की पत्र निघतं: "आपल्या सदनिकेतून गळती होत असल्याची तक्रार आली असून तातडीने दुरुस्ती करावी, अन्यथा कारवाई करण्यात येईल." कष्टाने जमवलेलं बोलणं या एका ओळीत मातीत मिळतं. असं पत्र जाऊ देऊ नका. मसुदा स्वतः लिहून द्या, त्यात फक्त पाहणीची तारीख, वेळ आणि सोबत कोण येणार एवढंच ठेवा. पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याची तरतूद उपविधींत आहेच, धमकीची गरज नाही. प्लंबर दोघांनाही चालेल असा. तुमचा नेहमीचा माणूस नेलात तर त्याचं निदान वरच्यांना तुमचंच वाटणार.

तोंडी ठरलं की त्याच दिवशी वरच्यांना छोटा निरोप पाठवा: "आज ठरल्याप्रमाणे शनिवारी सकाळी ९ वाजता पाणी भरू, रविवारी ९ ला सोडू. प्लंबरचे पैसे निम्मे-निम्मे. काही राहिलं असेल तर सांगा." ऑफिसातही मी हेच करतो. "तुमच्यामुळे माझा रिपोर्ट अडतो" म्हणण्यापेक्षा "मंगळवारी चारपर्यंत आकडे आले तर बुधवारी रिपोर्ट जाईल, जमेल का?" असं विचारल्यावर निदान "नाही, गुरुवारी" असं खरं उत्तर मिळतं. "बघतो" एवढंच उत्तर आलं तर लगेच, हसत, "मग केव्हा विचारू?" असं म्हणायचं.

दुरुस्तीत आधी टाइल्सच्या फटी आणि ट्रॅपभोवतीचा सांधा इपॉक्सीने भरून बघा, दोष वरवरचा असेल तर तेवढ्याने भागतं. फोडावंच लागलं तर वॉटरप्रूफिंगनंतर, नव्या टाइल्स बसवण्याआधी पुन्हा पाणी भरून बघायला लावा. काम संपल्यावरही छत वाळायला बरेच आठवडे जातात. ओल तशीच दिसली म्हणून वर भांडायला जाऊ नका, रेघेच्या आत सरकतेय का ते बघा आणि तोवर रंगाऱ्याला थांबवा.