अडीच एमएमची वायर किती अँपिअर घेते? आधी सांगा, कुठल्या देशाच्या टेबलात

अडीच एमएमवर, म्हणजे तांब्याचा छेद अडीच स्क्वेअर एमएम असलेल्या वायरीवर, किती अँपिअर चालतील, असं कोणी ना कोणी विचारतंच, आणि पूर्वी मी पण पटकन एक आकडा सांगून मोकळा व्हायचो. आता आधी विचारतो, टेबल कुठलं धरलंय. कारण ब्रिटनचं वायरिंगचं स्टँडर्ड बीएस ७६७१ उघडा, भिंतीवर क्लिप मारून नेलेल्या अडीच एमएम कॉपरच्या चपट्या पीव्हीसी केबलला २७ अँपिअर दिलेत. अमेरिकेचा वायरिंगचा कोड, एनईसी, उघडा, त्यांची १२ गेजची वायर ३.३१ स्क्वेअर एमएम भरते, म्हणजे अडीचपेक्षा चांगली जाड, आणि तिच्यावर नेहमीच्या वायरिंगमधे २० अँपिअरच्या वरचा ब्रेकर चालत नाही. जाड तांबं आणि करंट कमी! पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं आपण चुकीची ओळ वाचतोय, दोनदा बोट ठेवून वाचलं.

तांबं तर सगळीकडे सारखंच तापतं. त्या अडीच एमएमच्या जोडीतून २७ अँपिअर नेले की दर मीटरला साधारण १३ वॅट उष्णता तयार होते, ती बाहेर पडली पाहिजे आणि ती पडेपर्यंत कंडक्टर ७० डिग्रीच्या वर जाता कामा नये, कारण साधं पीव्हीसी तेवढंच सोसतं. मग बाहेरची हवा किती गरम धरायची, केबल उघड्यावर आहे की पाइपात की भिंतीच्या पोटात, इन्सुलेशन कुठलं, करंट वाहणारे कंडक्टर दोन की तीन, हे सगळं आधी धरून मगच टेबल बनतं. त्याच ब्रिटिश टेबलात तीच चपटी केबल उष्णतारोधक भरलेल्या भिंतीत आतल्या पृष्ठभागाला न टेकता गेली की २७ चे थेट १३.५ होतात. केबल तीच, ड्रम तोच.

देशादेशात सगळ्यात जास्त गोंधळ हवेच्या तापमानावरून होतो. आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आयईसी ६०३६४ आणि ब्रिटिश टेबलं हवा ३० डिग्री धरतात, एनईसी पण ३०. जर्मनीत इमारतींसाठी २५ धरायची पद्धत आहे. भारतीय आयएस ३९६१ मधे हेवी ड्यूटी पीव्हीसी केबलला ४०. आणि एएस/एनझेडएस ३००८ तर दोन देशांचं एकत्र स्टँडर्ड, तरी ऑस्ट्रेलियाच्या भागात ४० आणि न्यूझीलंडच्या भागात ३०, म्हणून त्याचे दोन वेगळे भाग छापावे लागतात. फरक किती पडतो ते कॅल्क्युलेटरवर निघतं. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ७० वजा ४० म्हणजे ३०, ७० वजा ३० म्हणजे ४०, त्यांचा भागाकार आणि वर्गमूळ, आलं ०.८७. आयईसीच्या टेबलात पण ०.८७ च छापलंय. म्हणजे २७ चे साडेतेवीस.

एकदा माझ्याकडे तपासायला एक केबल शीट, म्हणजे कुठे कुठली केबल वापरायची त्याचा तक्ता, आली, त्यात अँपिअरचे आकडे ४० डिग्रीच्या टेबलातून घेतलेले आणि वर आयईसीचा ०.८७ लावलेला, साइटवर ४० डिग्री असतं म्हणून. एकाच उन्हासाठी दोनदा कापलं. यात नुकसान पैशाचं, केबल एक साइज जाड येते. पण खालच्या ओळींमधे उलटं झालं होतं, ३० डिग्रीचे आकडे उचलले आणि फॅक्टरच लावला नाही, आणि ते बघून मी खरंच घाबरलो, कारण ४० च्या हवेत २७ अँपिअर वाहिले की कंडक्टर ८० डिग्रीच्याही वर जातो, एमसीबीच्या, म्हणजे ब्रेकरच्या, दृष्टीने सगळं ठीकच असतं त्यामुळे तो ट्रिप होत नाही, आणि पीव्हीसी मात्र वर्षानुवर्षं कडक होत जातं.

आता ती १२ गेजची भानगड. एनईसीच्या टेबलात १२ गेज कॉपरला ६०, ७५, ९० डिग्रीच्या कॉलममधे २०, २५, ३० अँपिअर आहेत. घरगुती केबलचं इन्सुलेशन ९० डिग्रीचं असलं तरी करंट ६० च्या कॉलममधूनच धरायचा असा नियम आहे, आणि १०० अँपिअरपर्यंतच्या सर्किटमधे टर्मिनलवर वेगळं काही लिहिलं नसेल तर तिथेही ६० च. मी एकदा बसून हिशोब केला. आयईसीत पाइपातल्या तीन सिंगल वायरना अडीच एमएमला २१ अँपिअर आहेत, ३.३१ एमएमला ते साधारण २५ होतात, मग ७० ऐवजी ६० डिग्री धरलं की ०.८७, म्हणजे २१-२२. एनईसी म्हणतं २०. इतके जवळ! मी क्लिपवरच्या दोन कंडक्टरची तुलना पाइपातल्या तीन कंडक्टरशी करत होतो, ७० ची ६० शी करत होतो, आणि दोष देशांना देत होतो.

ग्रुपिंगला, म्हणजे बऱ्याच वायरी एकत्र नेल्या की करंट कमी धरावा लागतो त्याला, जास्त जपा, तिथे मोजायची वस्तूच वेगळी आहे. आयईसी सर्किट मोजतं, एनईसी करंट वाहणाऱ्या वायरी मोजतं. एका पाइपात तीन सिंगल फेज सर्किट असली तर आयईसीत तीनचा फॅक्टर ०.७०, एनईसीत सहा वायरींचे ८० टक्के. कोणी एनईसीचा ८० टक्के उचलून आयईसीच्या आकड्याला लावला तर कागदावर कुठेच चूक दिसत नाही.

जमिनीतल्या केबलचं असंच आहे, फक्त तिथे मातीही मधे येते. आयईसी जमीन २० डिग्री धरतं पण माती कोरडी, २.५ केल्विन मीटर प्रति वॅट (माती उष्णता किती अडवते त्याचं माप, जितकं जास्त तितकी केबल जास्त तापते), आयएस ३९६१ जमीन ३० धरतं आणि माती १.५, ऑस्ट्रेलियात २५ आणि १.२. गार पण कोरडी, का गरम पण ओलसर, कोण जास्त अँपिअर देईल ते नुसतं तापमान बघून कळत नाही.

ती शीट शेवटी आम्ही नव्याने बनवली, सगळी एकाच स्टँडर्डवरून, आणि प्रत्येक आकड्याशेजारी टेबल नंबर, पद्धत, हवेचं तापमान आणि दोन का तीन कंडक्टर हे लिहिलं. चार केबल जाड कराव्या लागल्या, दोन बारीक झाल्या.