लेक ईचम रेनबो : यंदाच्या विणीची नोंद

मंडळी, यंदाचा हंगाम आटोपला, तेव्हा हिशेब मांडतो. मासा तोच, मेलानोटीनिया ईचमेन्सिस, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ईचम तळ्याचा रेनबो. बोसेमानी, म्हणजे निळा-नारिंगी भडक रेनबो, ठेवणाऱ्यांना हा पहिल्या नजरेत फिकाच वाटेल. बोटाएवढी लांबी, पोलादी निळसर अंग, मधून गडद पट्टा आणि नराच्या कुशीवर तांबूस रेघा. दुकानात टँकपुढे उभं राहिलात तर पुढे निघून जाल. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र दोन नर समोरासमोर आले की पर ताठ होतात, नाकापासून पाठीपर्यंतची रेघ दिवा लावल्यासारखी उजळते आणि पुढच्याच क्षणी विझते. त्यासाठी ब्रिस्बेनमध्ये मी घरातली पूर्वेची खिडकी बायकोच्या कुंड्यांकडून मिळवली आहे. तह अजून कच्चा आहे.

नव्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. क्वीन्सलंडच्या उत्तरेला ॲथर्टन टेबललँडवर ईचम हे ज्वालामुखीच्या विवरातलं तळं आहे. 65 मीटर खोल. वरून ना ओढा आत येतो, ना बाहेर जातो. 1982 मध्ये ॲलन आणि क्रॉस यांनी इथल्या रेनबोला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं, आणि 1987 उजाडेपर्यंत तळ्यात तो औषधालाही उरला नव्हता. आसपासच्या नद्यांतले माउथ ऑलमायटी, आर्चरफिश वगैरे मासे कुणीतरी आणून सोडले होते. शिकारी माशांची सवयच नसलेल्या रेनबोचा फडशा पडला. लक्षात घ्या, सोडलेले मासे परदेशी नव्हते, क्वीन्सलंडचेच होते. ‘आपल्याकडचाच मासा आहे, सोडला तळ्यात तर काय बिघडतं?’ असं म्हणणाऱ्याला मी ही गोष्ट सांगतो.

जात टिकली ती हौशी लोकांच्या टाक्यांत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी टाक्यांत वाढवलेले मासे हजारोंनी तळ्यात सोडून पाहिले. शिकारी तिथेच होते, एकही तगला नाही. पुढे नव्वदच्या दशकात जनुकीय तपासणीतून कळलं की बॅरन आणि जॉन्स्टन नद्यांच्या उगमाकडच्या काही ओढ्यांत हाच मासा आहे. म्हणजे निसर्गातून पुरता गेला नव्हता. पण तिथेही ईस्टर्न रेनबो हा त्याचा भाऊबंद वरच्या ओढ्यांत पोचला की संकर होतो, त्यामुळे धोका टळलेला नाही.

माझे मासे ॲन्गफाच्या, म्हणजे इथल्या देशी मासे पाळणाऱ्यांच्या संस्थेच्या, एका जुन्या सभासदाकडून आले. तळ्यातल्या मूळ माशांपासून जपलेली ओळ, म्हणजे वंश. तीन फुटी टाकी, स्पंज फिल्टर, कडेला जाव्हा मॉस ही पाणवनस्पती, मधे पोहायला मोकळी जागा. दुसरा कुठलाही रेनबो त्यात नाही आणि येणारही नाही. माद्या एकमेकींसारख्या दिसतात; एकदा सरमिसळ झाली की निवडून काढणं अशक्य.

सप्टेंबर. हिवाळाभर हीटर बंद होता. टेबललँड थंड हवेचं, त्यामुळे हा मासा अठरा अंशांतही मजेत असतो आणि मला वाटतं, त्या थंडीनंतरच तो नीट विणीला येतो. मग पाणी हळूहळू पंचविसावर आणलं, रोज सकाळी गोठवलेले डासांचे किडे आणि डॅफ्निया हे पाण्यातले बारीक जीव. इथल्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, ते क्लोरीनसारखं रात्रभर ठेवून उडून जात नाही, त्यामुळे पाणी बदलताना ते निकामी करणारं कंडिशनर हवंच.

ऑक्टोबर. अंडी चिकटायला गडद हिरव्या ॲक्रिलिक लोकरीचे मॉप, म्हणजे झुपके, सोडले, बुचाला बांधून, वरून लोंबणारे. नवी लोकर आधी उकळून घ्या, रंग सुटतो. रेनबो एका दमात शेकडो अंडी टाकत नाही, रोज सकाळी थोडी थोडी टाकतो. मॉप उचलून पिळायचा आणि उजेडाकडे धरून धागे विंचरायचे. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, काचेसारखं पारदर्शक, बारीक चिकट तंतूने लोकरीला लटकलेलं. चांगलं अंडं चिमटीत घेतलं तरी फुटत नाही. पांढरं झालेलं लगेच काढा, नाहीतर बुरशी शेजारच्यांना धरते. बाकीची उथळ डब्यात, मेथिलीन ब्लू या बुरशीरोधक औषधाचा जेमतेम रंग चढेल इतकाच थेंब. तीनचार दिवसांत आत डोळे दिसतात, आठवड्याभरात पिल्लं बाहेर.

आता खरी कटकट. पिल्लू म्हणजे दोन डोळे आणि मागे एक केस. ते पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहतं आणि तोंड इतकं लहान की पहिले काही दिवस आर्टेमियाही, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीवर्गीय जिवाची ताजी पिल्लंही, जात नाही. मायक्रोवर्म हे बारीक कृमी बरेच जण सुचवतात, पण ते तळाला जातात आणि पिल्लं वर उपाशी राहतात. माझा भरवसा व्हिनेगर ईलवर, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाढणाऱ्या सूक्ष्म कृमींवर. ते दिवसेंदिवस गोड्या पाण्यात जिवंत पोहत राहतात, तेही सगळ्या थरांत. काढायची रीत सोपी आहे : लांब मानेच्या बाटलीत कल्चर, म्हणजे ईलसकट व्हिनेगर, मानेच्या तळापर्यंत भरायचं, त्यावर फिल्टर वूलचा, म्हणजे फिल्टरच्या कापसाचा, बोळा घट्ट बसवायचा आणि बोळ्यावर हलक्या हाताने साधं पाणी ओतायचं. सकाळपर्यंत ईल हवेसाठी बोळ्यातून वर येतात, व्हिनेगर खालीच राहतं. ते वरचं पाणी ड्रॉपरने ओढा आणि थेट पिल्लांना. जोडीला हिरवं पाणी, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचं. आठदहा दिवसांनी पोटात नारिंगी ठिपका दिसला की समजा आर्टेमिया सुरू झाला.

नोव्हेंबरात आर्टेमियामागोमाग हायड्रा, म्हणजे काचेला चिकटून पिल्लं पकडणारा बारीक जीव, आलाच. पिल्लं दुसऱ्या टाकीत हलवली, काचा कोरड्या केल्या, विषय संपला.

जानेवारी. पिल्लांत लहानमोठी दिसायला लागली आणि इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. नेहमीची रीत अशी की मोठी, रंगदार तेवढी ठेवायची. दुकानासाठी माल काढायचा तर ठीक. पण जपायची ओळ असेल तर असं करू नये. लवकर वाढणारी बहुतेक नर असतात, आणि तीच ठेवली तर दोनचार पिढ्यांत आपण टाकीत तग धरणारा, भडक, ईचमचा न राहिलेला मासा तयार करतो. म्हणून मी अंडी एकाच आठवड्याची घेत नाही. हंगामाच्या सुरुवातीची, मधली, शेवटची अशी वेगवेगळी वाढवतो. विणीला एक जोडी कधीच नाही, पूर्ण थवा. पुढच्या पिढीसाठी मासे काढतानाही डोळे मिटून जाळी मारतो. वाकड्या कण्याची आणि आखूड गालफडाची तेवढी बाजूला काढली, फिकी मुद्दाम ठेवली.

पुण्यामुंबईत हे जसंच्या तसं बोसेमानीला लागू पडतं, फक्त पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश आणि थोडं जड असू द्या. पश्चिम पापुआतल्या त्याच्या आयामारू तळ्यांत चुनखडी आहे. तोही तिथे धोक्यात आहे, आणि बाजारात मिळणाऱ्यात इतर रेनबोंचं रक्त किती मिसळलंय ते मासा बघून सांगता येत नाही. म्हणून विकत घेताना एकाच ठिकाणचे, नर-मादी दोन्ही घ्या. दुकानदार नुसते नर पुढे करतो, कारण रंग त्यांच्यावर असतो.

मार्चमध्ये निम्मी पिल्लं दोन वेगळ्या सभासदांकडे गेली. एकाच घरात वीज गेली, हीटर अडकला, तर सगळी ओळ बुडते. पिशवीवर जातीचं नाव, ‘लेक ईचम ओळ’, कुणाकडून आली आणि कुठल्या वर्षीची, एवढं लिहिलं. चिठ्ठीवर नुसतं ‘रेनबो’ लिहून आलेला मासा मी घेत नाही, कितीही देखणा असला तरी. आता परत हीटर बंद, आणि दुसऱ्या एका सभासदाकडून त्याच ओळीचे काही नर बदलून मिळतात का ते बघतोय.