बॅटरी नीट धर

एप्रिलमधली शनिवारची दुपार. चार-पाच महिन्यांनी जरा ऊन म्हणावं असं ऊन पडलेलं. गॅरेजचं दार वर केलं, आमची हिरवी एमजी ढकलत अर्धी बाहेर काढली. शेपूट उन्हात, नाक आत, कारण वारं अजून बोचरं होतं. बॉनेट उघडलं आणि चिरंजीवांना हाक मारली. ते मोबाइलसकट आले. मला हवा होता तो मोबाइलच, त्याच्या दिव्यासाठी. टॅपेट सेट करायचे होते, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हपाशी असते ती बारीक फट नीट करायची होती. दोन मिनिटं उजेड जागेवर पडला. मग तो हळूच माझ्या कोपरावर आला, कोपरावरून रेडिएटरवर, आणि तिथून मागच्या फळीवरच्या रंगाच्या डब्यांवर जाऊन विसावला.

"अरे, बॅटरी नीट धर ना!"

"कुठली बॅटरी?" तो म्हणाला.

त्याचं बरोबरच होतं. त्याच्या लेखी बॅटरी म्हणजे मोबाइलमधली, जी कायम अकरा टक्क्यांवर असते. गाडीच्या हिशोबानेही माझं वाक्य चुकलंच. या गाडीला बॅटऱ्या दोन, सहा-सहा व्होल्टच्या, सीटमागे फळीखाली अशा लपवलेल्या की तिथे हात घालायचा तर आधी हाताची परवानगी घ्यावी. पण मी म्हणत होते ती तिसरीच. पत्र्याची, लांब नळकांड्यासारखी, मागचं झाकण फिरवून तीन सेल घालायची. ती सांगलीला आमच्या घरी स्वयंपाकघराबाहेरच्या कोनाड्यात असायची आणि रविवारी सकाळी ती धरायचं काम माझ्याकडे होतं.

आबांची अँबॅसिडर होती. रंग म्हणाल तर पांढरा, पण दुधात चुकून चमचाभर चहा पडावा तसा. आबा डॉक्टर, आठवड्यातून तीन दिवस आजूबाजूच्या गावांत जायचे. उरलेले दिवस गाडी दुरुस्त व्हायची. मिस्त्री रविवारी यायचे, आठ-साडेआठला, सायकलला पिशवी अडकवून. त्यांनी बॉनेट वर केलं की आम्हा पोरांची कामं ठरलेली. सगळ्यात खालची पायरी बॅटरी धरण्याची. त्याच्या वर पाने देण्याची. मिस्त्री न बघता हात मागे करणार आणि त्या हातात बरोबर अर्ध्याचा पाना पडला पाहिजे. आणि सगळ्यात वरचं पद म्हणजे रेस देणं. ड्रायव्हरच्या जागी बसायचं, पाय कसाबसा पोचवायचा, आणि "दे... दे... बास... परत दे" या हुकमांवर ॲक्सिलरेटर दाबायचा. माझा धाकटा भाऊ दीड वर्षात बॅटरीवरून रेसवर पोचला. मी आठ वर्षं बॅटरीवरच होते. त्या काळी याचं कारण कुणी विचारत नसे, मीही विचारलं नाही.

"उजेड माझ्या हातावर नको बाळ, कामावर हवा," मिस्त्री म्हणायचे. आता हात तर कामावरच. मग उजेड नेमका कुठे पाडायचा? आठ वर्षांत मला ते नीट जमलं नाही, पण त्या निमित्ताने इंजिनाकडे टक लावून बघणं झालं.

मिस्त्री इंजिनाचं दुखणं कानाने काढायचे. लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. एकदा ते आबांना म्हणाले, "साहेब, तुमचं यंत्र द्या की जरा." आबांनी स्टेथोस्कोप दिला. दिला म्हणजे काय, गळ्यातून काढायला त्यांना बराच वेळ लागला. मिस्त्रींनी तो इंजिनाच्या चारी अंगांना लावून पाहिला, मान हलवली आणि "पेचकसच बरा" असं म्हणून परत केला. दुसऱ्या दिवशी तुंगच्या एका म्हातारबांच्या छातीवर ऑइलचा काळा गोल उठला. म्हातारबा घाबरले. त्यांना वाटलं, आतलं काही बाहेर आलं.

ती गाडी 1994 मध्ये विकली. मिरजेचा एक टॅक्सीवाला घेऊन गेला. आबा बाहेर आले नाहीत.

मला स्पोर्ट्स कारचा शौक नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. इंग्लंडला आल्यावर आम्ही डिडकॉटला घर घेतलं. एका उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या मैदानावर जत्रेसारखं काहीतरी होतं: केक, कुत्र्यांच्या शर्यती आणि एका कोपऱ्यात जुन्या गाड्या. नवरा केककडे गेला. मागे कुणीतरी इंजिन चालू केलं आणि मी उभ्या जागी वळले. टक-टक-टक-टक, शिवणयंत्र चालावं तसा वरच्या बाजूचा आवाज आणि त्याच्या खाली एक जाड घुरघुर. मला वाटलं, इथे अँबॅसिडर कुणी आणली?

होती 1972 ची एमजीबी, दोन सीटची, उघडी, चकचकीत. पण माझा कान चुकला नव्हता. अँबॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. दोघींचं माहेर एक, ऑक्सफर्ड. मॉरिस काउलीला बनायच्या, एमजी तिथून दहा किलोमीटरवर ॲबिंग्डनला, आणि ॲबिंग्डन आमच्या घरापासून भाजी आणायला जावं इतकं जवळ. दोघींच्या पोटात बी-सिरीजचंच इंजिन. आबांच्या गाडीचं 1489 सीसी, माझ्या गाडीचं 1798. पिस्टनची चाल दोन्हीकडे तीच, 88.9 मिलिमीटर, म्हणजे चोख साडेतीन इंच. सिलिंडरचं भोक तेवढं रुंद केलंय. एक बहीण हिंदुस्थानात बंगालच्या उत्तरपाड्याला दिली. तिने 2014 पर्यंत संसार ओढला, सरकारी नोकरी केली, बाळंतिणींना दवाखान्यात नेलं, वऱ्हाड वाहिलं. दुसरी इथेच राहिली, टप उघडून केस उडवत हिंडली आणि 1980 मध्ये तिचा कारखाना बंद झाला. पाच लाखांहून जास्त निघाल्या तिच्या, म्हणून अजून हव्या तेवढ्या मिळतात.

नवरा केक घेऊन आला तेव्हा माझं मालकाशी जवळजवळ ठरलं होतं. "दोनच सीट?" एवढंच तो म्हणाला. आम्ही तिघं आहोत.

सांगलीला फोनवर सांगितलं, एमजी घेतली. मावसभाऊ म्हणाला, "हेक्टर का? छान आहे, आमच्या साहेबांकडे आहे. सनरूफ आहे का?" म्हटलं, आहे. रूफच नाही.

या गाडीचा टप हा एक स्वतंत्र विषय आहे. पुढे काचेच्या चौकटीला दोन खटके आणि कडेकडेने टिचबटणं. टिचबटण म्हटल्यावर मला परकराचं, झबल्याचं टिचबटण आठवतं. हीही त्याच जातीची, फक्त हिचा बाळ फार आडमुठा. गारठ्यात कापड आखडतं आणि शेवटचं बटण अर्धा इंच लांब राहतं. ओढून ओढून अंगठ्याचं नख तुटतं. मग आतून हीटर लावून वाट बघायची, कापड सैल पडेपर्यंत. तोवर ज्या पावसासाठी हा खटाटोप केला तो थांबलेला असतो. मी आता टप लावतच नाही. पाऊस आला की गाडी पळवते; पळत्या गाडीत पाऊस काचेवरून मागे उडून जातो. सिग्नलला मात्र भिजते. लोक बघतात.

आणि परात. गॅरेजमध्ये गाडीखाली मी सांगलीहून आणलेली ॲल्युमिनियमची जुनी परात ठेवते. कणीक मळायची होती ती. सासूबाईंनी पाहिलं तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री चपात्याही केल्या नाहीत. इलाज नाही. या इंजिनातून ऑइल ठिबकणारच. ठिबकायचं थांबलं तर जास्त काळजी करायची, कारण मग आत ऑइलच उरलेलं नसतं. अँबॅसिडरचा डाग आमच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर अजून आहे.

पेट्रोल पंप मागच्या उजव्या चाकापाशी, खालच्या अंगाला. किल्ली फिरवली की तो टिकटिकतो, आणि टिकटिकला नाही तर गाडी हलत नाही. उपाय म्हणजे खाली वाकून हातोडीने हलकेच टोला. दिवाळीच्या फराळाला निघालेली मी, पैठणी खोचून, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये चाकाशी गुडघे टेकून टोले हाणतेय, हे दृश्य निदान चाळीस लोकांनी पाहिलंय. पंप तिसऱ्या टोल्याला बोलला. पदराला ग्रीस लागलं ते लागलंच.

एक गोष्ट मात्र सांगलीत आणि इथे अगदी सारखी. बॉनेट उघडलं की पुरुष जमतात. कुठून येतात कळत नाही. सांगलीत पेपर घेऊन यायचे, इथे कुत्रं घेऊन येतात. दोन्हीकडे हात मागे बांधून उभे राहतात आणि दोन्हीकडे पहिलं निदान कार्बोरेटरचं करतात. मला आणखी एक प्रश्न असतो, "नवऱ्याची गाडी का?" सुरुवातीला मी सविस्तर उत्तर द्यायचे. आता म्हणते, "हो, मी फक्त बॅटरी धरते."

तर टॅपेट. रॉकर कव्हर काढलं की आठ व्हॉल्व्हचे आठ रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे, ओळीने दिसतात. प्रत्येकाखाली फट हवी, इंचाच्या हजार भागांतले पंधरा भाग. फिलर गेजचं पातं त्या फटीत घालायचं आणि ओढून बघायचं. मिटलेल्या वहीतून टिपकागद ओढताना लागतो तेवढाच अडसर लागला पाहिजे. सैल असेल तर वाजतो. आवळला तर वाजत नाही, पण व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. म्हणून मिस्त्री म्हणायचे, "वाजतोय तर वाजू दे. वाजणारा जळत नाही." माणसांनाही त्यांनी हेच लावलं असतं, पण ते माणसांबद्दल फारसं बोलत नसत.

कुठला टॅपेट कधी बघायचा याला नऊचा नियम आहे. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा. सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसरा. बेरीज नऊ यायला हवी. मी हे चिरंजीवांना समजावलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "आणि पाचवा?"

"तूच सांग."

"चौथा दाबला की." मग थोड्या वेळाने, "हे भारी आहे." सोळा वर्षांच्या मुलाकडून हे म्हणजे सुवर्णपदकच.

मिस्त्री असली बेरीज करताना मला कधी दिसले नाहीत. ते पंखा हाताने फिरवायचे, एकदा बघायचे आणि पाना लावायचे. बेरीज बोटांत असेल. मी आठ वर्षं त्या बोटांवर उजेड पाडत होते आणि नियम मात्र मला इथे येऊन एका इंग्रजी पुस्तकात सापडला.

आठही झाले. कव्हर बसवलं, हात पुसले, चिरंजीवांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं. किल्ली, टिकटिक, चोक, आणि इंजिन लागलं. "रेस दे," मी म्हणाले. तो रेस देत होता आणि त्याला आपण किती वरच्या पदावर आहोत याची कल्पना नव्हती.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. इथले तीन म्हणजे तिथले साडेसात, दिवेलागणीनंतरची तिची वेळ. मी फोन काचेला टेकवून ठेवला. ही बाई आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावायला गेली नाही. बॉनेटखाली काय असतं ते तिने बघितलेलं नाही. पण आबांची गाडी कोपऱ्यावर वळली की ती चहाचं आधण ठेवायची, आणि आबा पायरी चढेपर्यंत चहा गाळलेला असायचा. दुसऱ्या कुणाच्या अँबॅसिडरला तिने कधी आधण ठेवलं नाही.

"कसला आवाज गं?" ती म्हणाली.

"गाडी. आत्ताच टॅपेट केले. ऐक कशी चाललीय."

ती ऐकत राहिली. पडद्यावर तिचा अर्धा कान आणि मागच्या भिंतीवरचं कालनिर्णय.

"एक वाजतोय," ती म्हणाली.

"अगं, आठही बघितले. पातं घालून बघितले."

"बघितले असशील. एक वाजतोय."

मी इंजिन बंद करायला लावलं, पेचकस उचलला आणि बॉनेटमध्ये वाकले. चिरंजीव गाडीतून उतरले आणि न सांगता मोबाइलचा दिवा लावून माझ्या शेजारी उभे राहिले.

उजेड थेट माझ्या डोळ्यांत.