कार्डाच्या मागचा नंबर

आमच्या गाडीत आम्ही पाच शिक्षक. तालुक्याहून रोज बत्तीस किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. पेट्रोलचे पैसे महिन्याला वाटून घ्यायचे. जागा ठरलेल्या, माझी मागं डाव्या खिडकीशी. गाव सुटलं की बोलणं सुरू व्हायचं ते बदल्यांवरून. मग ऑनलाइन माहिती, बीएलओची म्हणजे मतदारयाद्यांची ड्युटी, पेन्शन. आम्ही सगळे १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन एकालाही नाही, आणि ते दुःख खरंच आहे. माणसंही जिवाला जीव देणारी. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला रक्त द्यायला यातलेच दोघं रात्री बारा वाजता धावत आले होते. पण रोज तेच ऐकून, तेच बोलून शाळेपाशी उतरेपर्यंत मी दमलेला असायचो. परिपाठ व्हायच्या आधीच.

"किती शिकवा, दिवाळीला निम्मी पोरं उसाच्या फडावर." हे वाक्य गाडीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लागलं होतं. तिसऱ्या वर्षी ते मीच म्हणत होतो.

शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. जमीन मुरमाड, पाणी पावसापुरतं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात, ते मार्च-एप्रिलला परत. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय सुटका नाही. आई-बाप उसात असताना तान्ह्याला कोण धरणार? आठ-दहा वर्षांची बहीण. पोरी शाळेतून जातात त्या अशा.

आमची शाळा द्विशिक्षकी. दुसरे मोठे गुरुजी, ते गावातच खोली करून राहायचे. तीन वर्षं आम्ही एकाच व्हरांड्यात शिकवलं, पण माझी संगत गाडीची होती, त्यांची नाही. पावणेपाचला हॉर्न वाजला की मी निघायचो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर गाडीतल्या चौघांना प्रशिक्षण लागलं. गुरुजी म्हणाले, "आज माझ्याकडंच मुक्काम करा. पहाटे दोन टोळ्या निघायच्यात."

चार वाजता त्यांनी उठवलं. हातात बॅटरी आणि दोनशे पानी वही. वहीत घरागणिक एक पान: कोण जाणार, मूल कितवीत, आजी-आजोबा गावात आहेत का, आजीला दिसतं का, चूल पेटवता येते का. त्यांनी ही नोंद पोळ्यापासून सुरू केली होती. मागं राहिलेल्या मुलांना हंगामी वसतिगृहात दोन्ही वेळचं जेवण मिळतं, पण रात्री लेकराला जवळ घेणारं माणूस गावात लागतं. ते माणूस कोण, हे त्यांना घरोघर ठाऊक होतं. मी त्याच शाळेत असून मला एकाही घराची कड माहीत नव्हती. त्याची लाज मला तिथं अंधारात वाटली.

पारावर ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत भांडी, सरपण, बाजरीचं पोतं, दोन शेळ्या, एक कोंबडी डालून ठेवलेली. गुरुजी उपदेश करत नव्हते. एकेका घराशी फक्त व्यवहाराचं बोलत होते. "म्हातारीचं औषध मी आणीन." "पोरगं चुलत्याकडं निजंल, कालच बोललोय." सहा मुलं खाली उतरली. एकाची गोधडी वरच राहिली होती, ती गुरुजींनी स्वतः चढून काढली.

सातवी मुलगी माझ्या चौथीच्या वर्गातली. ट्रॉलीच्या कडेला बसलेली, मांडीवर वर्षाचा भाऊ, पायाशी दप्तर. मी पुढं झालो, पण काय बोलावं सुचेना. तिची आई म्हणाली, "सर, हिला ठिवली तर ह्याला कुणाजवळ देऊ? माझी सासू गेली चैतात." मी गुरुजींकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. याला उत्तर नव्हतं.

पण ते थांबले नाहीत. खिशातून शिक्षण हमी कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "तुमची विद्यार्थिनी. तुम्ही भरा." मूल कितवीत आहे, काय येतं, ते या कार्डावर असतं. ते दाखवलं की तिकडच्या शाळेनं तिला बसवून घ्यायचं. आदल्या वर्षी अशी कार्डं मी टेबलावर एका दमात भरून गठ्ठा पाठवला होता. आता ट्रॉलीच्या फळीवर ठेवून, बॅटरीच्या उजेडात लिहीत होतो. वाचन चांगलं. गुणाकार येतो. भागाकार शिकवायचा आहे. मग कार्ड उलटं करून मागं माझा मोबाइल नंबर लिहिला, आणि आईला सांगितलं, हे पेटीत नको, जवळ ठेवा. तिनं ते घडी घालून कनवटीला लावलं. मुकादमाचा नंबर गुरुजींनी माझ्या फोनमध्ये घालून दिला.

गाडी मी लगेच सोडली नाही. दिवाळीनंतर पुन्हा डाव्या खिडकीशी बसलो. ते वाक्य निघालं तेव्हा म्हणालो, आमच्याकडं सहा थांबलीत. कुणी काही बोललं नाही. पण पुढच्या आठवड्यात पुढं बसणाऱ्या सरांनी हळूच विचारलं, "ती वही कशी ठेवतात हो तुमचे गुरुजी?" मग मंगळवारी नि शुक्रवारी मी मुक्कामाला राहू लागलो. गुरुजींसोबत संध्याकाळी वसतिगृहाच्या पंगतीत वाढायचो आणि मुलं आजीच्या घरी पोचेपर्यंत गल्लीतून फिरायचो.

जानेवारीत अनोळखी नंबरवरून फोन आला. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेच्या बाई होत्या. "कार्डामागं नंबर होता म्हणून केला. मुलगी येते, पण भावाला कडेवर घेऊन येते. मी त्याला वर्गातच सतरंजीवर खेळायला बसवते. तिला तुमच्याशी बोलायचंय."

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "सर, हितं भागाकार झाला. तिकडं झाला का?"